आपला हात जगन्नाथ... पण कुठपर्यंत?

हातात ड्रिल मशीन आणि मोबाइलवर व्हिडिओ असला की आपल्यातला कारागीर जागा होतो. पण घरातलं कुठलं काम स्वतः करायचं आणि कुठे माणूस बोलवायचा, हे ठरवायचं कसं?

शनिवारची सकाळ. बाथरूममध्ये टॉवेल रॉड लावायचं काम पंधरा दिवस रखडलेलं. प्लंबर रोज ‘येतो, येतो’ म्हणणार आणि येणार मात्र नाही. ऑनलाइन सेलमध्ये घेतलेलं नवंकोरं ड्रिल कपाटात पडून. ‘त्यात काय एवढं?’ म्हणत आमचा एक मित्र कामाला लागला. पहिलं भोक एकदम मस्त! दुसऱ्या भोकातून मात्र थेट कारंजं उडालं. बिट भिंतीतल्या पाइपात घुसलं होतं.

पाणी बंद करायचा मेन कॉक कुठे आहे, हे नवरा-बायको दोघांनाही माहीत नव्हतं. वॉचमनकाकांनी गच्चीवर जाऊन लाइन बंद करेपर्यंत पाणी बेडरूममध्ये पोहोचलं होतं. पुढे टाइल्स फोडणं आलं, पाइप बदलणं आलं. त्या डिझाइनच्या टाइल्स बाजारात मिळेनात, म्हणून दोन टाइल्स आजही वेगळ्याच दिसतात. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला डाग पडला, तो रंगवून द्यावा लागला. वीस वर्षांचे हप्ते डोक्यावर असलेल्या घरात शिरून महिनाही झाला नव्हता, आणि शेजाऱ्यांशी पहिली ओळख झाली ती ही अशी!

याच्या बरोब्बर उलटी गोष्ट ऑफिसातल्या एका मैत्रिणीची. ठिबकणाऱ्या नळासाठी तिने हाफ डे टाकला. दोनला येणारा प्लंबर साडेचारला आला, पाच मिनिटांत वॉशर बदलला आणि व्हिजिट चार्ज घेऊन गेला. वॉशर होता चहाच्या किमतीचा. सुट्टी गेली ती गेलीच.

दोघांचंही चुकलं. कारण ‘मला हे जमेल का?’ हा प्रश्नच अपुरा आहे. व्हिडिओ बघून सगळंच जमेल असं वाटतं. खरा प्रश्न आहे : चुकलं, तर निस्तरणार कोण? चूक तुमच्याच भिंतीवर राहणार असेल, तर बिनधास्त करा. ती खालच्यांच्या छतापर्यंत किंवा कुणाच्या जिवापर्यंत जाणार असेल, तर गप फोन उचला.

खुशाल करा!

रंगकाम हा वीकेण्डचा बेस्ट प्रोजेक्ट. दहा बाय दहाची खोली आणि नऊ फूट उंची म्हणजे चार भिंती मिळून 360 चौरस फूट. त्यातून दार-खिडकी वजा करा, दोन हात मारायचे म्हणून दुप्पट करा आणि डब्यावरचं कव्हरेज बघून रंग घ्या. खरी मेहनत ब्रश हातात घेण्याआधीची. जुने पोपडे खरवडायचे, लांबी भरायची, वाळली की पॉलिश पेपर मारायचा, मग प्रायमर. हे टाळलंत तर महागातला रंगही भिकार दिसेल. बिघडलं तर? अजून एक हात मारायचा. बस्स. मात्र भिंतीला ओल असेल तर आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. ओलीवर रंग म्हणजे तापावर पावडर!

नळाचा वॉशर, जेट स्प्रे, शॉवरचं तोंड हीसुद्धा घरच्या घरी होणारी कामं. आधी अँगल कॉक किंवा मेन कॉक बंद करायचा. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनेच गुंडाळायची, नाहीतर नळ फिरवताना ती उलगडत जाते. आणि पान्ह्याने जीव खाऊन आवळू नका, आटे जातात.

तयार भाग जोडायचं फर्निचरही करण्यासारखं. डिसेंबर 2020मध्ये नवी मुंबईत तुर्भ्याला आयकियाचं स्टोअर सुरू झालं आणि ‘ॲलन की’ बऱ्याच घरांत पोहोचली. एकच विसरू नका. उंच कपाट किंवा ड्रॉवर युनिट भिंतीला अडकवायची पट्टी लावाच. पोरं ड्रॉवरवर पाय देऊन चढतात.

जरा दमानं घ्या

ड्रिलिंग हे मधल्या गटातलं काम. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक पाडायचं नाही, कारण वायरी बहुधा तिथूनच जातात. नळाच्या आणि शॉवरच्या रेषेतही नाही. भिंत कशाची आहे ते भुशावरून कळतं. लाल भुसा आला तर वीट. करडी, मऊ पावडर आली आणि बिट लोण्यासारखं आत गेलं तर हलका ब्लॉक. त्यात साधा प्लग धरत नाही, त्या ब्लॉकसाठीचा प्लग मागा. बिट पुढेच सरकत नसेल तर काँक्रीट. नव्या टॉवर्समध्ये सगळ्याच भिंती काँक्रीटच्या असू शकतात. फोटोफ्रेम, घड्याळ ठीक. पण मोठा टीव्ही किंवा पुस्तकांनी भरलेलं शेल्फ लावायला माणूस बोलवा. आणि दुपारची झोप मोडू नका, सोसायटीचे नियम बघून घ्या.

हात लावू नका!

वीज. बल्ब, पंखा, स्विच जसाच्या तसा बदलायला हरकत नाही. केंद्रीय वीज सुरक्षा नियमांतही (सध्याचे 2023चे) घरगुती फिटिंग न वाढवता बदलायची मुभा आहे. त्यापुढचं काम मात्र लायसन्स असलेल्या कॉण्ट्रॅक्टरचंच. का? साधं गणित घ्या. दोन हजार वॉटचा गीझर 230 व्होल्टवर जवळपास नऊ अँपिअर खेचतो, आणि मोबाइल चार्जरचा छोटा सॉकेट असतो सहा अँपिअरचा. गीझर त्यावर जोडलात तर सॉकेट तापणार, वितळणार. ‘एमसीबी आहे की!’ म्हणाल, तर एमसीबी वाचवतो वायरीला. तुम्हाला शॉकपासून वाचवायला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. तुमच्या घरात तो आहे का, हे आजच बघा. त्यावरचं ‘टेस्ट’ बटण दाबल्यावर तो पडला पाहिजे.

गॅसची पाइपलाइनही याच गटातली. एसीचंही तेच. आता बऱ्याच एसीत आर-32 गॅस असतो आणि तो पेट घेऊ शकतो. फिल्टर धुण्यापलीकडे हात नको. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग चुकलं तर कळायला एक पावसाळा जावा लागतो, आणि तोवर खालच्यांचं छत गेलेलं असतं. बीम, कॉलम फोडायचा तर विचारही नको. ते एकट्या तुमचे नाहीतच, सगळ्या बिल्डिंगचे आहेत.

माणूस बोलावलात, पुढे?

पैसे दिले म्हणजे डोकं बाजूला ठेवायचं असं नाही. मजुरी वेगळी की मटेरियलसकट, काय-काय करणार, मलबा कोण उचलणार, हे आधीच लिहून घ्या, मोबाइलवर मेसेज असला तरी चालेल. सगळे पैसे ॲडव्हान्स देऊ नका, शेवटचा हप्ता काम तपासल्यावर. वॉटरप्रूफिंग झालं की टाइल्स बसवण्याआधी किमान 24 तास पाणी भरून ठेवायला सांगा आणि खालच्या घरी जाऊन स्वतः बघून या. भिंत बंद करण्याआधी आतल्या पाइपांचे आणि वायरींचे टेप धरून फोटो काढा. तसे फोटो आमच्या मित्राकडे असते, तर कारंजं उडालंच नसतं.

आणि हो, मॉलमध्ये प्राइस टॅगला निमूटपणे मान डोलावणारे आपण, कारागिराशी मात्र शंभर रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतो. त्याचं वीस मिनिटांचं काम वीस वर्षांच्या सवयीतून आलेलं असतं. त्याचा नंबर जपून ठेवा. रात्री अकराला पाइप फुटला, तर तोच येणार आहे.

नव्या घरात शिरलात की पहिलं काम पडदे नाही. पाण्याचा मेन कॉक आणि विजेचा मेन स्विच कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला दाखवा.

आमच्या मित्राने आता बाल्कनी स्वतः रंगवली. झकास दिसते! टॉवेल रॉड मात्र शेवटी प्लंबरनेच लावला. मित्राने तेवढ्यात चहा केला. खालच्या काकूंनाही बोलावलं होतं.