बोन्साय माध्यमाचा घटक म्हणून स्थानिक भाजलेली माती : वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात

वर्धा जिल्ह्यातील जमीन प्रामुख्याने बेसाल्ट खडकापासून तयार झालेली काळी, कापसाची जमीन होय. ओल धरून ठेवण्याचा तिचा गुण शेतीस उपकारक असला तरी बोन्सायच्या उथळ कुंडीत तोच मारक ठरतो. पाणी दिल्यानंतर कुंडीच्या तळाशी एक संपृक्त थर उरतो. त्याची उंची कुंडीच्या खोलीवर नव्हे, तर कणांच्या आकारावर अवलंबून असते. कण जितके बारीक तितका हा थर अधिक जाड. चार-पाच सेंटिमीटर खोलीच्या कुंडीत तो बहुतेक सर्व मुळांना वेढतो व प्राणवायूअभावी मुळे कुजतात. म्हणूनच ३ ते ६ मिलिमीटर आकाराचे, सच्छिद्र आणि पाण्यात न विरणारे दाणे आवश्यक असतात. जपानमध्ये ही गरज ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली ‘अकादामा’ माती भागवते. आपल्याकडे विटांचे तुकडे वापरण्याची रूढी आहे. मात्र प्रत्येक वीट सारखी भाजलेली नसते. त्यामुळे स्वतः माती भाजून पाहण्याच्या प्रयोगास महत्त्व प्राप्त होते.

वाळलेली माती व भाजलेली माती यांत मूलभूत भेद आहे. उन्हात कडक झालेला गोळा भिजताच पुन्हा चिखल होतो. सुमारे ४५० ते ७०० अंश सेल्सिअस तापमानात मात्र मृत्तिका-खनिजांच्या रचनेतील बद्ध पाणी निघून जाते आणि माती पूर्वस्थितीस येत नाही. स्वयंपाकाच्या शेगडीवर सर्व दाण्यांना इतकी आच सारखी मिळण्याची खात्री नसते. झाकणाच्या मडक्यात दाणे भरून ते कुंभाराच्या आव्यात ठेवणे अधिक इष्ट. मातीत चाळलेला लाकडाचा भुसा मिसळल्यास तो जळून रंध्रे वाढतात. फार तीव्र आचेने मात्र माती काचेसारखी होऊन रंध्रे बुजतात. अतिभाजणी म्हणजे गुणवृद्धी नव्हे.

या जिल्ह्यात खरी अडचण चुनखडीची आहे. काळ्या मातीतील चुनखडीचे खडे ८०० अंशांच्या पुढे भाजले की त्यांचा कळीचा चुना होतो. ओल लागताच तो फुगतो आणि दाणे फुटतात. शिवाय माध्यम अल्कधर्मी बनून झाडास लोह मिळेनासे होते व कोवळी पाने शिरा हिरव्या राहून पिवळी पडतात. यासाठी माती पाण्यात कालवून बारीक चाळणीतून गाळून घ्यावी. विरल आम्लाचा थेंब टाकल्यावर फेस आला, तर ती माती सोडून द्यावी. कुंभार निवडतो ती माती येथे अधिक भरवशाची.

अशा प्रयत्नांना वर्ध्यात पार्श्वभूमीही आहे. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे केंद्र येथे होते, तर सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस या संस्थेने कुंभाराच्या चाकावर घडविलेल्या शंक्वाकृती कौलांची छपरे प्रचारात आणली.

भाजलेले दाणे आठवडाभर पाण्यात ठेवावेत. बोटांनी चुरडतात ते कच्चे, पांढरे ठिपके उमटून फुटतात ते चुनखडीयुक्त, दोन्ही टाकाऊ. उरलेले दाणे चाळून, धूळ धुऊन वापरावेत. त्यांत पोषणद्रव्ये जवळजवळ नसल्याने कुजलेले शेणखत अल्प प्रमाणात मिसळावे लागते. वर्ध्याच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, असे मोकळे माध्यम लवकर सुकते व दिवसातून दोन वेळा पाणी द्यावे लागते.