सुरईतला माणूस

फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयातलं काराव्हाज्जोचं ‘बॅकस’ १९२२ साली साफ करायला घेतलं. संग्रहालयाच्या कोठारात विस्मरणात पडलेलं हे तैलचित्र जेमतेम काही वर्षांपूर्वीच बाहेर आलं होतं. काळवंडलेला थर उतरत गेला आणि डाव्या कोपऱ्यातल्या काचेच्या सुरईवर, जिथे नुसती चकाकी असावी तिथे, एक माणूस दिसू लागला. पुरता अंगठ्याएवढाही नाही.

तोवर त्या सुरईकडे लक्ष जाणार कुणाचं? १५९७च्या आसपासचं हे चित्र. डोक्यावर द्राक्षवेलीची पानं माळलेला, अर्धा उघडा, लोडावर रेललेला मद्यदेव आपल्यापुढे पेला धरतो, आणि आपण पाहतो ते त्यालाच. फार तर समोरच्या टोपलीतलं डागाळलेलं सफरचंद, फुटलेलं डाळिंब. पेल्यातल्या वाइनवर अजून वलयं आहेत. सुरईत, वाइनच्या काठाशी, बुडबुडे. म्हणजे ओतून क्षणभरच झालाय.

काच रंगवायची म्हणजे खरं तर काच सोडून बाकी सगळं रंगवायचं. तिला स्वतःचा रंग नसतो. आरपार दिसणारं टेबल वाकडं होऊन येतं, आतली वाइन कडेला उजळते, आणि शेवटी खिडकीसाठी पांढऱ्याचा एक जाड ठिपका पडतो. पण सुरईचं पोट गोल. त्यात अख्खी खोली आक्रसून मावते, आणि खोलीत नेमका समोर उभा असतो तो चित्रकार. बहुतेक जण स्वतःला गाळून फक्त खिडकी ठेवतात. ते सोपंही असतं आणि शोभतंही. काराव्हाज्जोच्या काचेची ख्याती मात्र जुनीच होती. त्याचा वैरी बाल्योने यानेसुद्धा १६४२ साली छापलेल्या चरित्रांत त्याच्या एका चित्रातल्या फुलदाणीचं वर्णन केलंय: पाण्यात खिडकीचं प्रतिबिंब दिसतं म्हणून. वैऱ्याने एवढं लिहावं!

तर, माणूस सापडला. आणि पुन्हा हरवला. नंतरच्या डागडुजीत सुरईवर असा हात फिरला की आकृतीचा नुसता डाग उरला. चित्र वाचवायला नेमलेल्या हातांनीच चित्रकाराला पुसावं, हे मला या साऱ्या हकिकतीत सगळ्यात जास्त बोचतं. पुढची कित्येक वर्षं तो माणूस म्हणजे पाहणाऱ्यांच्या मनाचा खेळ, असं म्हणायला मोकळीक होती.

२००९ साली कॅमेरे आले. डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण वरच्या रंगाच्या आणि वॉर्निशच्या पातळ थरातून पार जातात. काळे रंग मात्र ते शोषून घेतात, त्यामुळे खालच्या गडद रेषा उठून येतात. वेगवेगळ्या तरंगलांबीत टिपलेल्या प्रतिमांत आकृती परत आली. काराव्हाज्जोच्या ज्येष्ठ अभ्यासक मिना ग्रेगोरी यांनी सांगितलं ते असं: तो ताठ उभा आहे आणि त्याचा एक हात घोडीवरच्या कॅनव्हासकडे गेलाय.

यातून एक जुना वादही हलतो. बॅकसने पेला डाव्या हातात धरलाय. म्हणून काराव्हाज्जो आरशात बघून स्वतःलाच रंगवत असावा, असा एक तर्क आहे. पण सुरईतला माणूस उभा आहे आणि बॅकस रेललेला. मला तरी वाटतं, लोडावर कुणी दुसराच बसला होता. अर्थात एवढ्याशा आकृतीवरून पैज लावू नये.

पैज लावायचीच तर अँटवर्पच्या परंपरेतल्या क्लारा पीटर्सवर लावावी. १६१२ सालचं तिचं एक स्थिरचित्र जर्मनीत कार्ल्सरूहला आहे: फुलं, नाणी, शिंपले आणि सोनेरी मुलाम्याचे दोन उंच पेले. त्यांतल्या एका पेल्याला गोल फुगवटे आहेत, आणि त्यांत किमान सहा ठिकाणी ती स्वतः आहे. इथे अवरक्त किरण लागत नाहीत, भिंग पुरतं.