दूरध्वनिसंच, जुने व त्यांचे तारजोडणी साहित्य

मानवचालित केंद्रांच्या व तबकडीच्या स्वयंचलित केंद्रांच्या काळात वापरली गेलेली आणि आता प्रचारातून गेलेली दूरध्वनी उपकरणे, तसेच त्यांना केंद्राशी जोडणारे निरोधक, तडित् रक्षक, वितरण पेट्या, तारा इ. साहित्य यांचा समावेश या संज्ञेत होतो. या वस्तूंचा संग्रह करणे हा छंद असला, तरी तो संदेशवहनाच्या इतिहासाचे एक साधनही आहे. ग्रंथालयात न सापडणारी माहिती संचावरील खुणा व घरातील जोडणी यांवरून मिळू शकते. मात्र संच भिंतीवरून उतरवून त्याच्या तारा तोडल्या की, यांतील बराच पुरावा कायमचा नष्ट होतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना दूरध्वनीचे अमेरिकन पेटंट ७ मार्च १८७६ रोजी मिळाले. भारतात २८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्ता येथील केंद्राचे उद्‌घाटन झाले व त्याच वर्षी मुंबईतही दूरध्वनी सेवा सुरू झाली. सिमला येथे १९१३–१४ मध्ये देशातील पहिले स्वयंचलित केंद्र उभारण्यात आले. मुंबईची सेवा प्रथम खाजगी कंपनीकडे होती; ती १९४३ मध्ये शासनाने ताब्यात घेतली. १९४८ मध्ये बंगलोर येथे ‘इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज’ हा सरकारी कारखाना स्थापन झाला व त्यानंतर आयात संचांची जागा हळूहळू देशी संचांनी घेतली. १९८० नंतरच्या दशकात कळफलकाचे संच व इलेक्ट्रॉनीय केंद्रे यांचा प्रसार झाला आणि तबकडीचे संच मागे पडत गेले.

प्रकार : विद्युत् पुरवठा व केंद्राला इशारा देण्याची पद्धत यांनुसार जुन्या संचांचे तीन मुख्य प्रकार पडतात. (१) स्थानिक विद्युत् घटांचा संच : यात बोलण्यासाठी लागणारा प्रवाह संचाजवळच ठेवलेल्या कोरड्या घटांपासून मिळतो. केंद्रातील चालकाला इशारा देण्यासाठी बाजूचा दांडा फिरवितात. त्यामुळे आतील चुंबकीय जनित्रातून प्रत्यावर्ती प्रवाह निर्माण होतो. (२) मध्यवर्ती घटमालेचा संच : यात प्रवाह केंद्राकडून तारांवाटे येतो व श्रवणी उचलताच केंद्रातील दिवा लागतो. अशा संचाला दांडा व तबकडी दोन्ही नसतात. तबकडीच्या जागी कोरी चकती बसविलेली असते. (३) स्वयंचलित संच : यातील तबकडी परत फिरताना तारांतील प्रवाह ठराविक वेळा खंडित करते. भारतीय तबकडीत १ या अंकासाठी एक, तर शून्यासाठी दहा स्पंद जातात व त्यांचा वेग सेकंदाला सु. १० असतो. केंद्राची घटमाला सु. ५० व्होल्टची असते. घंटेसाठीचा प्रत्यावर्ती प्रवाह मात्र सु. ७५ व्होल्टचा असल्याने चालू तारांना हात लावणे धोक्याचे असते. [→ दूरध्वनिविद्या].

ओळख पटविण्याच्या खुणा : संचाचे बाह्य रूप ही ओळखीची केवळ पहिली पायरी होय. काळ्या बेकेलाइटचे कवच सामान्यतः १९३० नंतरच्या काळाचे निदर्शक असते. हे प्लॅस्टिक लिओ बेकलँड यांनी १९०७ मध्ये शोधून काढले. ते जड व ठिसूळ असून अंगठ्याने जोराने घासून गरम केल्यास कार्बॉलिक अम्लासारखा उग्र वास येतो. नंतरच्या रंगीत संचांचे प्लॅस्टिक हलके व लवचिक असते. तबकडीवर अंकांसोबत अक्षरे असल्यास देशही ओळखता येतो : ‘ओ’ हे अक्षर ब्रिटिश तबकडीवर शून्यापाशी, तर अमेरिकन तबकडीवर सहापाशी असते. स्वीडिश तबकडीवर शून्याची जागा एकाच्या आधी असते.

तळाच्या पत्र्याच्या आतील बाजूस, श्रवणीच्या दांड्याच्या आत व घंटेच्या चौकटीवर निर्मात्याची अक्षरे व वर्ष पाहावे. बंगलोरच्या कारखान्याची खूण असलेला भाग १९४८ पूर्वीचा असू शकत नाही. टपाल व तार खात्याचे १९८५ मध्ये विभाजन झाले. त्यामुळे ‘पी अँड टी’ ही अक्षरे असलेला भाग बहुधा त्यापूर्वीचा असतो. परंतु शिल्लक साठ्यातील भाग पुढेही वापरले जात, हे ध्यानात ठेवावे लागते. संच ही खात्याची मालमत्ता असल्याने तो दुरुस्त होऊन एका ग्राहकाकडून दुसऱ्याकडे जाई. म्हणून एकाच संचात दोन-तीन वर्षांचे भाग आढळणे म्हणजे फसवणूक नव्हे. तो त्या संचाच्या सेवेचा इतिहासच असतो. याउलट मुंबईच्या चोर बाजारासारख्या जुन्या बाजारांत शोभेसाठी नव्याने बनविलेले पितळी संचही विकले जातात. त्यांत तबकडीऐवजी आकड्यांची बटणे गोलाकार बसविलेली असणे, सर्व पितळ सारखेच चकचकीत असणे व आत प्रवर्तन वेटोळ्याऐवजी छोटा मुद्रित मंडलफलक असणे, या खुणांवरून ते ओळखता येतात.

तारजोडणीचे साहित्य : जुन्या उघड्या तारा खांबांवरील चिनी मातीच्या पांढऱ्या निरोधकांवरून नेत. निरोधकाचा खालचा भाग घंटेसारखा पोकळ असतो. पावसातही आतील पृष्ठ कोरडे राहून प्रवाहाची गळती कमी व्हावी, हा त्याचा हेतू. घराच्या प्रवेशापाशी तडित् रक्षक असे. त्यातील अरुंद फटीतून विजेचा अतिरिक्त दाब जमिनीत निघून जाई. तेथून तार घरातील ‘रोझेट’ नावाच्या लहान गोल पेटीत येई व तीतून सुती वेष्टनाची दोरी संचाला मिळे. केबलींमध्ये प्रथम कागदाचे निरोधन व शिशाचे आवरण, तर नंतर पॉलिथिनचे निरोधन व जेलीचे भरण आढळते. जेलीच्या केबलीतील जोड्या पांढरा, तांबडा, काळा, पिवळा व जांभळा या रंगांशी निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी व करडा या रंगांचा मेळ घालून ओळखतात. त्यामुळे २५ जोड्या एकमेकींपासून वेगळ्या राहतात.

वसई–विरार परिसर : या विषयाच्या स्थानिक अभ्यासासाठी हा परिसर उद्‌बोधक आहे. वसईच्या खाडीच्या दक्षिणेकडील मीरा-भाईंदर मुंबईच्या ०२२ या क्रमांकात मोडते. खाडीच्या उत्तरेकडील वसई–विरारचा क्रमांक मात्र ०२५० आहे. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या महानगर टेलिफोन निगमच्या क्षेत्रातही उत्तरेकडील हा भाग नव्हता. त्यामुळे खाडी ही दूरध्वनी व्यवस्थेचीही सीमा ठरली. केळी, पाने, फुले व भाजी मुंबईला पाठविणाऱ्या बागायतदारांच्या गावांत दूरध्वनी हे बाजाराशी जोडणारे साधन होते. तबकडीच्या मध्यावरील कागदी चकतीवर किंवा दुकानाच्या फलकावर लिहिलेला क्रमांक व त्यातील अंकांची संख्या यांवरून संच कोणत्या केंद्राचा व साधारण कोणत्या काळातला, हे ठरविता येते. लोहमार्ग १८६७ मध्येच विरारला मुंबईशी जोडत होता. परंतु रेल्वेचे दूरध्वनी हे स्वतंत्र जाळ्याचे असल्याने त्यांची नोंद वेगळी ठेवावी लागते.

जतन : समुद्रावरील खारट हवा व चार महिन्यांची आर्द्रता ही येथील संचांची मुख्य शत्रू होत. लोखंडी स्क्रू गंजतात, तांब्यावर हिरवा थर चढतो व सुती दोरी कुजते. बेकेलाइट पाण्यात भिजवू नये. किंचित ओलसर कापडाने पुसून लगेच कोरडे करावे व उन्हात ठेवू नये. काही बेकेलाइटमध्ये ॲस्बेस्टसचे भरण असल्याने ते कापणे वा कानशीने घासणे टाळावे. शिशाचे आवरण हाताळल्यावर हात धुवावेत. खांबावरील तार किंवा वितरण पेटी, ती बंद दिसली तरी, संबंधित संस्थेच्या परवानगीशिवाय काढू नये.

संच काढण्यापूर्वी त्याचे मूळ जागी छायाचित्र घ्यावे, भिंतीपासून खांबापर्यंतच्या तारेचा मार्ग रेखाटावा, कोणती तार कोणत्या स्क्रूला होती ते लिहावे आणि घरातील वृद्धांकडून तो कोणाच्या नावे व कोणत्या वर्षी आला, शेजारचे कोण तो वापरीत, हे विचारून घ्यावे. तांबे भंगारात विकले जाते, कवच शोभेच्या कपाटात जाते. पण गावाच्या दूरध्वनीचा इतिहास या नोंदीतच उरतो.