डांगराचे पान पालथे करा

भोपळ्याच्या पानावर पांढरे चट्टे दिसले की फवारणीचा पंप पाठीवर चढतो. चट्टे शिरांच्या बेचक्यात असतात, चांदीसारखे चमकतात आणि कोवळ्या पानावरही तेवढेच ठळक असतात. वेलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नक्षी सारखीच. भुरीचा रोग समजून फवारणी होते, आठवडा जातो, चट्टे हलत नाहीत. मग औषध बदलते, पुढे दुकानही बदलते. चट्टे तरी तसेच राहतात, कारण तो रोगच नसतो. तांबड्या भोपळ्याच्या अनेक वाणांत पानाच्या वरच्या सालीखाली हवेच्या बारीक पोकळ्या असतात. त्यांच्यावरून उजेड परततो आणि पान चंदेरी दिसते. हा गुण बियाण्यातून येतो; आईच्या वेलावर होता, लेकीच्या वेलावरही असणार.

खरी भुरी ओळखायला बोट पुरते. पानावरून बोट फिरवले की भुरीची पिठासारखी भुकटी बोटाला लागते, चंदेरी चट्टा मात्र पुसला जात नाही. एक अपवाद ध्यानात ठेवावा. पांढऱ्या माशीच्या एका परदेशी जातीची पिल्ले पानामागे रस शोषू लागली की वर येणारी नवी पाने शिरांच्या कडेने चंदेरी होऊ लागतात. ही जात भारतात प्रथम १९९९ मध्ये कर्नाटकातील कोलार भागात, टोमॅटोवर आढळली. म्हणजे चांदी शिरांच्या बेचक्यात असेल तर निर्धास्त राहावे. शिरांवरूनच पसरत असेल तर पान पालथे करून पाहावे.

नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या कर्जत तालुक्यात हे पालथे करणे फार मोलाचे. इथे भोपळ्याला डांगर म्हणतात. त्याला स्वतंत्र वावर देणारे थोडेच. उकिरड्याच्या कडेला बी पडते, वेल कुडावर चढतो, गोठ्याच्या पत्र्यावर पसरतो आणि घारग्यांपुरते, भाजीपुरते, पै-पाहुण्यांपुरते देऊन जातो. अशा वेलाचे दुखणे बघायला कोणी कृषी अधिकारी बोलावत नाही. शेजारी जे सांगेल ते औषध.

कर्जत म्हटले की शेतीच्या जाणकारांना भाताचे संशोधन केंद्र आठवते, पण ते कर्जत रायगडचे. सह्याद्रीच्या पायथ्याच्या त्या कर्जतला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. भीमा आणि सीना यांच्यामधले हे कर्जत पर्जन्यछायेत, काळविटांच्या रेहेकुरी अभयारण्याच्या माळावरचे. इथला पाऊस त्याच्या पाव हिश्शाचाही नाही, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरमध्ये, परतीच्या वाटेवर येतो. वेलाच्या रोगांचे वेळापत्रक यावरूनच ठरते. सप्टेंबरची झड आणि ढगाळ हवा म्हणजे केवड्याचा हंगाम. ऑक्टोबरची काहिली सरून रात्री गार आणि दिवस कोरडे झाले की भुरी. भुरीला पानावर पाण्याचा थेंबही लागत नाही. दमट हवा आणि दाट पाल्याची सावली तिला पुरते. केवड्याला मात्र पान ओले हवे, तेही सलग काही तास.

केवड्याचे शास्त्रीय नाव स्यूडोपेरोनोस्पोरा क्युबेन्सिस. बर्कले आणि कर्टिस यांनी १८६८ मध्ये क्युबातल्या नमुन्यावरून त्याचे वर्णन केले, म्हणून नावात क्युबा. पानाच्या वरच्या अंगावर फिकट पिवळे डाग पडतात. काकडीवर ते शिरांच्या चौकटीत अडकून कोनदार दिसतात, डांगरावर तितके रेखीव नसतात. नेमकी हीच गोष्ट घोटाळ्याची. खात्री करायची तर पहाटे दव असतानाच पान उलटावे. डागाच्या बरोबर मागे राखाडी-जांभळट, मखमलीसारखी लव दिसली तर केवडा पक्का. ऊन चढून हवा कोरडी झाली की बीजाणू वाऱ्यावर जातात. दहा वाजता चहा घेऊन निवांत वावरात जाणाऱ्याला मग फक्त पिवळा डाग दिसतो.

पहाट चुकली तर घरच्या घरी एक प्रयोग करता येतो. डाग असलेले ताजे पान घ्यावे, झाकणाच्या डब्यात ओला कागद अंथरून त्यावर पालथे ठेवावे, डबा रात्रभर सावलीत राहू द्यावा. सकाळी डागावर लव फुटलेली दिसते. साधे भिंग असेल तर उत्तमच.

नावाचा गोंधळ वेगळाच. कर्जतच्या माळावर बाजरी पिकते, आणि बाजरीलाही केवडा होतो. त्याचे दुसरे नाव गोसावी; कणसाच्या जागी जटांसारखा पाला फुटतो म्हणून. द्राक्षवाल्यांचा केवडा म्हणजे डाऊनी, तो तिसराच. ही सगळी एका कुळातली भावंडे, पण प्रत्येकाचे घर ठरलेले. बाजरीचा गोसावी डांगरावर येत नाही आणि द्राक्षाचा डाऊनीही येत नाही. डांगराला केवडा येतो तो काकडी, दोडका, कारले अशा वेलवर्गीय सोयऱ्यांकडून. हा रोग जिवंत वेलावरच जगतो. गावात बारमाही कुठे ना कुठे काकडी उभी असेल तर त्याला मुक्काम हलवावाच लागत नाही.

आणखी एक गोष्ट दुकानात क्वचितच सांगितली जाते. केवड्याचा जीव खऱ्या बुरशीत मोडत नाही. तो पाणबुरशांच्या गोतातला, १८४५ नंतर आयर्लंडात बटाटा नासवणाऱ्या करप्याचा नातलग. त्यामुळे कार्बेन्डाझिमसारखे बुरशीनाशक, जे पुष्कळ घरांत ‘सगळ्यावर चालते’ म्हणून पडलेले असते, केवड्यावर चालतच नाही. पैसे गेले, आठवडा गेला, वेल गेला.

बाकीचे डाग ओळखायला तुलनेने सोपे. जुन्या पानांवर एकात एक वर्तुळे, नेमबाजीच्या फळीसारखी, दिसली तर अल्टरनेरियाचा करपा. मध्ये फिकट राखाडी, कडेला तपकिरी रेघ आणि भोवती पिवळे वलय असलेला बारीक गोल ठिपका सर्कोस्पोराचा. पाण्यात भिजल्यासारखा कोनदार डाग पडून पुढे सुकून गळला आणि पानाला भोके पडली, तर जिवाणूंचा संशय घ्यावा. हा रोग बियाण्यातून येतो, म्हणून अशा वेलाचे बी धरू नये. पान हिरव्या-पिवळ्या ठिगळांचे होऊन आखडले तर विषाणू. त्याला औषध नाही. वेल उपटायचा आणि पांढऱ्या माशीचा बंदोबस्त करायचा. पांढऱ्या नागमोडी रेघा म्हणजे नागअळीने पानाच्या आत कोरलेली वाट.

काही दुखणी तर रोगाची नसतातच. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. शेंड्याची पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जुन्या पानांवर असाच प्रकार दिसला तर मॅग्नेशियम कमी पडले असण्याची शक्यता. कालव्याच्या पाण्याने ऊस आला आणि उसाबरोबर तणनाशकेही आली. शेजारच्या उसात मारलेल्या टू-फोर-डीचा वारा डांगराला लागला की पाने अरुंद होतात, पिळवटतात, आणि घरधनी ‘व्हायरस आला’ म्हणून भांडे भरून कीटकनाशक ओततो. अशा वेळी वेलाकडे बघण्याआधी शेजाऱ्याला विचारावे.

उपायांचा इतिहास द्राक्षमळ्यापासून सुरू होतो. फ्रान्समध्ये बोर्दो भागातले बागायतदार रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत, चोरांनी द्राक्षे खाऊ नयेत म्हणून. त्याच वेली केवड्यातून वाचलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्देने पाहिल्या आणि १८८५ मध्ये बोर्डो मिश्रण जगापुढे आले. नाशिकच्या बागायतदाराला ते पाठ आहे: एक टक्क्यासाठी किलोभर मोरचूद, किलोभर चुना, शंभर लिटर पाणी. पण द्राक्षाला मानवते ती तीव्रता डांगराच्या कोवळ्या पानाला झेपेलच असे नाही. गंधकाचे तर अधिकच सांभाळावे. भुरीवरचे ते जुने औषध खरे, पण वेलवर्गीय पिके गंधकाला हळवी. कर्जतच्या उन्हात गंधक मारले तर भुरीआधी पानच करपते.

मॅन्कोझेबसारखी स्पर्शजन्य औषधे रोग येण्याआधी पान झाकतात. डाग पडल्यावर तो मिटवत नाहीत. मेटॅलॅक्झिल पानात शिरते, पण त्याच्यावरच विसंबणाऱ्यांना फटका बसला आहे. इस्रायलमध्ये १९७९ मध्येच काकडीवरचा केवडा त्याला जुमानेनासा झाला, औषध बाजारात येऊन जेमतेम दोन वर्षे झाली असताना. म्हणून ते मॅन्कोझेबच्या जोडीने विकले जाते, आणि लागोपाठ तेच तेच मारू नये हे बरे.

दुधाच्या जिल्ह्याला आवडेल असा एक उपायही आहे. ब्राझीलच्या वाग्नेर बेत्तिओल यांनी १९९९ मध्ये हरितगृहातल्या झुकिनीवर, म्हणजे भोपळ्याच्याच भावकीतल्या पिकावर, दूध फवारून पाहिले. दहा टक्के वा त्याहून जास्त दुधाची आठवड्याला फवारणी भुरीवर रासायनिक औषधांइतकीच गुणकारी ठरली. नऊ लिटर पाण्यात एक लिटर दूध. परसातल्या दोन वेलांना एवढे परवडते; एकरभराचा हिशेब ज्याचा त्याने करावा. दूध भुरीवर, केवड्यावर नव्हे.

औषधाआधी पाण्याचा विचार करावा. ठिबक असेल तर पान कोरडे राहते. पाटपाणी किंवा तुषार असेल तर ते सकाळी द्यावे, म्हणजे सांजेपर्यंत पाने वाळतात. रोगट जुनी पाने तोडून जाळावीत, बांधावर टाकू नयेत. फवारणी संध्याकाळी करावी. डांगराची फुले पहाटे उमलतात आणि दुपारआधीच मिटतात, आणि नर-मादी फुले वेगळी असल्याने मधमाशीशिवाय फळ धरत नाही. सकाळी फवारणारा स्वतःचेच फळ मारतो. तोंडाला फडके, अंगभर कपडे आणि वाऱ्याची दिशा या गोष्टी पोथीतल्या वाटतात, पण २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती शेतकरी-शेतमजूर दगावले ते महाराष्ट्राने पाहिले आहे.

पान वाचण्याची विद्या महाराष्ट्रात नवी नाही. उप्पल, पटेल आणि कामत यांनी १९३५ मध्ये मुंबई इलाख्यातल्या बुरशांची सूची प्रसिद्ध केली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशीतज्ज्ञ आजरेकरांच्या नावाचा बुरशीसंग्रह आहे. तिथे वाळवलेली रोगट पाने नाव-गावासह जपून ठेवलेली असतात. तेच कसब वावरात आणायचे तर नमुना नीट न्यावा लागतो. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ कर्जतकरांना नगर ओलांडून गाठावे लागते, पण त्याचेच कृषी महाविद्यालय शेजारच्या जामखेड तालुक्यात हाळगावला आहे. पूर्ण वाळलेले पान नेऊ नये. हिरवा भाग आणि डाग यांची सीमा दिसेल अशी तीन-चार पाने, एक जुने आणि एक शेंड्याचे धरून, कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळावीत. प्लास्टिकच्या पिशवीत पान घामेजते आणि भलतीच बुरशी चढते. सोबत चिठ्ठी असावी: पेरणी कधीची, पाणी कसे, काय फवारले, शेजारी काय उभे आहे. आणि शनिवारी नेऊ नये. रविवारी दार बंद असते, सोमवारी उघडेपर्यंत पान कुजते.