पहिले सहा महिने

काचेची एक छोटी नळी. तिच्यात दोनेक मिलिलिटर द्रावण आणि बोटाला टोचून काढलेला रक्ताचा बारीकसा थेंब. पाचेक मिनिटं थांबायचं, मग नळीच्या मागे काळ्या रेघा मारलेला कागद धरायचा. लाल पाण्यातून रेघा स्वच्छ दिसल्या तर काळजी नाही. पाणी गढूळ होऊन रेघा पुसल्यासारख्या झाल्या तर रक्तात 'सिकल' आहे. मग तो नमुना पुढच्या पक्क्या तपासणीला जातो.

नागपूर-भंडारा रस्त्यावर कन्हान ओलांडताना लागतं ते मौदा. एका अंगाला औष्णिक वीज केंद्राची धुराडी, दुसऱ्या अंगाला धानाच्या बांध्या. विदर्भाच्या या पट्ट्यात सिकलसेल म्हणजे काय हे कुणाला पहिल्यापासून सांगत बसावं लागत नाही. लोक नुसतं 'सिकल' म्हणतात. इंग्रजीत त्याचा अर्थ विळा. दिवाळीच्या आगेमागे ज्या बाईच्या हातात धान कापायचा विळा असतो, तिच्या लेकराच्या रक्तातही तोच आकार निघावा, हा योगायोग मला नेहमी जरा अंगावर येतो.

पण ही गोष्ट त्या नळीच्या एका चुकीची आहे. आई आणि बाप दोघंही सिकलचे वाहक आहेत असं धरा. दोघंही धडधाकट, कधी दवाखान्याची पायरी न चढलेले. त्यांच्या बाळाला दोघांकडूनही नेमकं सदोष जनुकच मिळालं, म्हणजे बाळ 'एसएस'. असं होण्याची शक्यता प्रत्येक बाळंतपणात चारात एक. काल जन्मलेल्या या बाळाचा थेंब त्या नळीत टाकला, तर बहुतेक वेळा पाणी स्वच्छच राहतं आणि रेघा ठळक दिसतात. आजार तर गर्भ राहिला त्या क्षणापासून पेशीपेशीत लिहिलेला आहे. मग नळीला तो दिसत कसा नाही?

कारण बाळाच्या अंगात अजून दुसरंच रक्त वाहत असतं.

पोटातल्या बाळाला फुफ्फुसं असून नसल्यासारखी. त्याला लागणारा सगळा प्राणवायू वारेतून, आईच्या रक्तातून ओढून घ्यायचा असतो. आता आईचं आणि बाळाचं हिमोग्लोबिन एकसारखंच असतं तर ही ओढाताण बरोबरीत सुटली असती. म्हणून बाळ वेगळं हिमोग्लोबिन बनवतं. त्याला गर्भ-हिमोग्लोबिन म्हणू, डॉक्टर 'एचबी-एफ' म्हणतात. प्राणवायूवर त्याची पकड आईच्या हिमोग्लोबिनपेक्षा घट्ट. नऊ महिने बाळ आईच्या रक्तातून प्राणवायू हिसकावून घेतं आणि आईला पत्ताही लागत नाही! जन्माच्या वेळी बाळाच्या हिमोग्लोबिनपैकी साधारण ६० ते ८० टक्के हेच असतं. ते बनवण्याचं जनुक वेगळं, आणि सिकलची चूक त्या जनुकात नाही. ती आहे मोठेपणीच्या हिमोग्लोबिनच्या जनुकात, जे बाळात आत्ता कुठे कामाला लागलेलं असतं.

म्हणून बाळ गुटगुटीत दिसतं, आणि बारशाला आलेला कुणीही 'बाळाचं अंग छान भरलंय' असंच म्हणतो. १९४८ साली ब्रुकलिनमधल्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी हे ताडलं होतं: सिकलची बाळं पहिले काही महिने आजारी पडत नाहीत, त्या अर्थी गर्भाचं रक्तच त्यांना राखत असलं पाहिजे. तेव्हा जनुकाची अक्षरं वाचण्याची कला जन्मालाही आली नव्हती. नुसत्या निरीक्षणावर बाईंनी या आजाराच्या उपचाराचं सगळं गुपित सांगून टाकलं होतं. ते कळायला जगाला पुढे बरीच वर्षं लागली.

जन्मानंतर शरीर हा कारखाना हळूहळू बंद करत आणतं. आईच्या रक्ताशी स्पर्धा संपलेली असते, मग ते रक्त कशाला, असा त्याचा हिशेब. सहा महिन्यांच्या सुमाराला जुनं हिमोग्लोबिन बरंच ओसरतं, नवं त्याची जागा घेतं, आणि नवं तर सदोष. मग एके दिवशी बाळाची बोटं सुजतात. हाताची, पायाची, कधी दोन्हीची. भरल्या वांग्यासारखी टम्म, आणि हात लावला की किंकाळी. "कालपर्यंत तं खेळत होता नं बापा, आज हात धरू देत नाही," असं घरातली आजी म्हणते. कुणी म्हणतं मुका मार, कुणी म्हणतं थंडी, कुणी दृष्ट काढतं. बोटांच्या इवल्या हाडांतला रक्तपुरवठा अडलेला असतो. कित्येक घरांत सिकलची पहिली वर्दी अशी येते.

रक्तपुरवठा अडतो कसा, ते पाहण्याजोगं आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ मणी असतात. सिकलमध्ये त्यातला सहावा मणी बदललेला. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन, बाकी १४५ जिथल्या तिथे. १९५०च्या दशकात व्हर्नन इन्ग्रम यांनी केंब्रिजमध्ये ही चूक शोधली. त्याआधी १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी हा आजार एका रेणूचा आहे हे दाखवलं होतं. एका मण्यामुळे होतं काय? प्राणवायू देऊन रिकामा झालेला रेणू त्या जागी चिकट होतो. शेजारच्या रेणूच्या अंगावर बरोबर तेवढीच खाच असते, तिच्यात तो बसतो. त्याला तिसरा, त्याला चौथा. बघता बघता पेशीच्या आत दोरखंड वळले जातात आणि गोल, मऊ, दाबली तर दबणारी तांबडी पेशी ताठ विळा होते. फुफ्फुसात प्राणवायू मिळाला की दोरखंड सुटतात, पेशी पुन्हा गोल. असं किती तरी वेळा झालं की ती वाकडीच राहते. निरोगी तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत मोडते.

आणि यातही एक शर्यत आहे. प्राणवायू दिल्याबरोबर दोरखंड वळायला लागत नाहीत, आधी थोडा वेळ जातो. तेवढ्या वेळात पेशी केसाहून बारीक नळीतून पार होऊन मोठ्या शिरेत पोहोचली तर सुटली. आत अडकली असताना ताठ झाली तर मागच्यांचा रस्ता बंद. हा मधला अवधी पेशीतलं सदोष हिमोग्लोबिन किती दाट आहे त्यावर ठरतो, आणि तेही साधंसुधं प्रमाण नव्हे. दाटपणा किंचित वाढला की अवधी कितीतरी पटींनी आखडतो. मोजणाऱ्यांना साधारण तिसाव्या घाताचा संबंध सापडला आहे. भौतिकशास्त्रातही इतकं तिखट नातं सहसा भेटत नाही. मौद्याच्या मे महिन्यातल्या उन्हात सिकलच्या पोराला डॉक्टर "पाणी पी, पाणी पी" म्हणून का पिडतात, हे मला हा आकडा वाचल्यावर उमगलं. अंगातलं पाणी जरा आटलं की पेशी दाट होते आणि शर्यत हातची जाते. रोवणीच्या दिवसांत गार चिखलात तासन्‌तास पाय घालून उभं राहणंही म्हणूनच महागात पडतं, थंडीने शिरा आखडतात.

भारतात या आजाराची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीतली. मध्य भारतातल्या सिकलबद्दल शुक्ला आणि सोळंकी यांचा लेख १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. पुढे पुण्याच्या सुदाम काटे यांच्यासारख्या संशोधकांनी महाराष्ट्रात गावोगाव रक्त तपासून नकाशाच तयार केला. गोंड, माडिया, परधान या आदिवासी जमातींत सिकल आहे. विदर्भात बौद्ध समाजात आणि इतर काही जातींतही आहे. इतका का टिकला, याचं उत्तर डासांत. एकच सदोष जनुक असलेल्या वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेत दाखवलं. जंगल आणि पाणथळ मुलखात हजारो वर्षं वाहकांची लेकरं जास्त जगली. चारातल्या एका बाळाने त्याची किंमत मोजली.

बरीच वर्षं एक समज होता की भारतातला सिकल सौम्य असतो. त्याला आधारही होता: आपल्याकडच्या आणि पूर्व सौदी अरेबियातल्या रुग्णांत गर्भ-हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी उरतं. पण नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी वाट वेगळी धरली. दुखायला लागल्यावर येणारी मुलं मोजण्याऐवजी त्यांनी वाहक आयांची नवजात बाळं तपासली, दोन हजारांवर. २०१६ मध्ये ते निष्कर्ष छापून आले. शंभरावर बाळं एसएस निघाली, त्यांच्यावर पुढे लक्ष ठेवलं, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना तीव्र वेदना, रक्तक्षय, ताप यांनी गाठलं. 'सौम्य' हा शब्द त्यानंतर जपून वापरला जाऊ लागला.

नवजाताची तपासणी नळीने होत नाही हे वर आलंच. त्यासाठी बाळाच्या टाचेला टोचून थेंब घेतात. यंत्र त्यातली हिमोग्लोबिनं वेगवेगळी करतं: गर्भाचं भलंमोठं शिखर, शेजारी सिकलचं छोटं शिखर, आणि निरोगी प्रौढ हिमोग्लोबिनची जागा रिकामी. बाळ हसतंखेळतं असताना कागदावर पुढचं सगळं दिसत असतं.

दिसून उपयोग काय, तर हे सहा महिने हातात मिळतात. सिकलच्या बाळाची प्लीहा, म्हणजे आपल्याकडे ज्याला तिल्ली म्हणतात ती, लवकर निकामी होऊ लागते आणि मग न्यूमोकोकससारखे जंतू काही तासांत जीव घेऊ शकतात. म्हणून दोन-तीन महिन्यांच्या वयापासून पाच वर्षांपर्यंत रोज पेनिसिलिन द्यायचं. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीत एवढ्याने गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला. इतकं जुनं, इतकं स्वस्त औषध! सोबत लसी, फॉलिक आम्ल, आणि ताप आला की घरात वाट न पाहण्याची सवय.

मग येतं हायड्रॉक्सीयुरिया. १८६९ मध्ये जर्मनीत बनलेलं रसायन, पुढे कर्करोगात वापरलेलं. सिकलमध्ये त्याचं काम वेगळंच: बंद पडत आलेला गर्भ-हिमोग्लोबिनचा कारखाना ते पुन्हा सुरू करतं. म्हणजे औषध बाहेरून काही भरत नाही, शरीराला त्याचंच बाळपणीचं रक्त पुन्हा बनवायला लावतं. गर्भ-हिमोग्लोबिन त्या दोरखंडात गुंफलं जात नाही. ते मध्ये आलं की सदोष रेणू पातळ होतात, अवधी लांबतो, पेशी सुटते. जॅनेट वॉटसन म्हणाल्या होत्या तेच. नागपूरलाच ६० आजारी मुलांवर झालेली चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांना किलोमागे १० मिलिग्रॅम हायड्रॉक्सीयुरिया, निम्म्यांना दिसायला तसंच पण निरुपद्रवी औषध. परदेशात देतात त्याच्या मानाने हा डोस कमीच. औषध घेणाऱ्या मुलांना आधी वर्षाला सरासरी बाराएक वेळा वेदनेचे झटके यायचे. दीड वर्षाच्या उपचाराने ते एकाच्याही खाली आले. अधूनमधून रक्त तपासावं लागतं, कारण या औषधाने पांढऱ्या पेशी घटू शकतात. तेवढं सांभाळलं तर ही गोळी तालुक्याच्या ठिकाणीही चालवता येते.

मुळावरचा इलाज बरीच वर्षं एकच होता: जुळणाऱ्या भावंडाची अस्थिमज्जा. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने दुसऱ्याला मान्यता दिली. गर्भ-हिमोग्लोबिन बंद करणारा एक खटका आहे, 'बीसीएल-११-ए' नावाचा. रुग्णाच्याच मूळपेशी काढून त्यांतला हा खटका जनुकीय कात्रीने निकामी करतात आणि पेशी परत अंगात सोडतात. गंमत बघा, सिकलच्या चुकीला कुणी हातही लावत नाही. अमेरिकेतली किंमत २० लाख डॉलरच्या वर. मौद्याला ती अजून फार दूर आहे. आपल्याकडे १ जुलै २०२३ ला शहडोलहून सुरू झालेलं राष्ट्रीय अभियान ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवून निघालं, आणि त्याचा भर अर्थातच त्या काचेच्या नळीवर आणि गोळ्यांवर आहे.

एक उपाय मात्र बिनपैशाचा आहे, तो जमैकातून आला. १९७३ पासून ग्रॅहम सर्जंट आणि सहकाऱ्यांनी किंग्स्टनमध्ये एक लाख नवजात तपासले आणि पुढे एसएस बाळांच्या आयांना तिल्ली चाचपायला शिकवलं. सिकलच्या बाळांत कधीकधी अंगातलं रक्त अचानक तिल्लीत कोंडतं, काही तासांत बाळ पांढरंफटक पडतं. मोठ्या डॉक्टरच्या आधी हे कळू शकतं ते रोज आंघोळ घालणाऱ्या हाताला. आयांच्या त्या शिकवणीनंतर जमैकात अशा मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं.

शिकवायला पाच मिनिटं लागतात. बाळाला उताणं झोपवायचं, गुडघे थोडे दुमडायचे म्हणजे पोट सैल पडतं. उजव्या हाताची बोटं डाव्या बरगडीखाली, अगदी हलकी. जोरात दाबलं तर बाळ पोट आवळतं आणि काहीच लागत नाही. बाळ श्वास आत घेतं तेव्हा बोटांच्या टोकांना एक गुळगुळीत, घट्ट कड येऊन टेकते. बरगडीपासून ती किती खाली, ते बोटांनी मोजायचं आणि लक्षात ठेवायचं. तीन-चार झाली, सोबत ओठ फिके दिसले, तर चूल तशीच सोडून निघायचं.

"किती जी?" आशाताई विचारते. आई बाळाच्या पोटावरची बोटं न हलवता सांगते, "दोन. कालही दोनच होती."