फॉलस्टाफचे पोकळ नाक

कपाला कान असतो, हे आपण रोजच पाहतो. पण नाक, डोळे, दाढी आणि गुबगुबीत गाल असलेले भांडे तुम्ही कधी पाहिले आहे का?

इंग्लंडमध्ये बर्स्लेम येथे रॉयल डौल्टन कंपनीचा चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना होता. १९३४ पासून ही कंपनी माणसाच्या चेहऱ्याच्या घाटाची, कान असलेली भांडी बनवू लागली. शेक्सपिअरच्या नाटकांतील पात्रेही त्यांत आली. ‘चौथा हेन्री’ या नाटकातील लठ्ठ, मिस्कील सरदार फॉलस्टाफ १९५० साली असा भांड्यावर अवतरला. हौशी लोक ही भांडी आजही जमवतात.

असे भांडे आतून पाहिले तर एक गंमत दिसते. बाहेर जेथे नाक वर आलेले असते, तेथे आत खळगा असतो. हा खळगा कोणी कोरला? कोणीच नाही. तो पाण्याने घडवला!

या भांड्याचा साचा प्लास्टर ऑफ पॅरिसचा असतो. माती पाण्यात कालवून केलेली पातळ रबडी त्यात ओततात. प्लास्टरमध्ये असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. केशाकर्षणाने ती रबडीतील पाणी शोषून घेतात आणि मातीचे कण साच्याच्या भिंतीला चिकटून राहतात. नाक असो वा गाल, थर जवळजवळ सारख्याच जाडीचा बसतो. मग उरलेली रबडी ओतून टाकतात.

थर वाढतो तसा पाण्याचा मार्ग लांबतो. समजा, ३ मिलिमीटर थरास १० मिनिटे लागली, तर ६ मिलिमीटर थरास २० नव्हे, सुमारे ४० मिनिटे लागतील. जाडी दुप्पट, तर वेळ चौपट!

नाक भरीव असते तर काय बिघडले असते? माती वाळताना आकसते. पातळ गाल आधी वाळून आकसले असते, जाड नाक मागे राहिले असते आणि या ओढाताणीत चेहरा तडकला असता. सारख्या जाडीमुळेच फॉलस्टाफचे हसू शाबूत राहते.

आता एक प्रयोग करा. फळ्यावर लिहिण्याचा जिप्समचा खडू थोड्याशा शाईत उभा धरा. २० सेकंदांत शाई किती चढली आणि ८० सेकंदांत किती, हे मोजा. वरचा नियम येथेही लागू पडतो का?