‘असं का?’ विचारणारं स्वयंपाकघर

दूरचित्रवाणीवरचे पाककृतींचे कार्यक्रम आपल्याकडे नवे नाहीत. १९९३ मध्ये झी टीव्हीवर ‘खाना खजाना’ सुरू झाला आणि वही-पेन घेऊन टीव्हीसमोर बसणं अनेक घरांत नित्याचं झालं. किती चमचे, किती मिनिटं, आधी काय आणि नंतर काय, हे लिहून घ्यायचं आणि तसंच करायचं. पदार्थ जमला तर उत्तमच. बिघडला तर मात्र का बिघडला, याचं उत्तर वहीत सापडत नसे.

हे उत्तर देणारा एक कार्यक्रम अमेरिकेत १९९९ पासून ‘फूड नेटवर्क’ वाहिनीवर दिसू लागला. त्याचं नाव ‘गुड ईट्स’. सूत्रसंचालक ऑल्टन ब्राउन हे आधी कॅमेऱ्यामागे काम करणारे. त्या वेळचे पाककृतींचे कार्यक्रम त्यांना कंटाळवाणे वाटत, म्हणून ते रीतसर पाकशास्त्र शिकले आणि स्वतःचा कार्यक्रम घेऊन आले. पाव का फुगतो हे सांगायला त्यांच्याकडे मोज्यांपासून केलेली, ढेकर देणारी यीस्टची बाहुली होती. हसता हसता प्रेक्षकाला कळे की, यीस्ट साखर खातं, कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि तोच वायू कणकेत अडकतो. हा कार्यक्रम २०१२ पर्यंत चालला. त्याला मानाचा पीबडी पुरस्कारही मिळाला.

रसायनशास्त्राचा तास माणसं आवडीनं का बघत होती? एक कारण असं की, त्यामुळे स्वयंपाक करणाऱ्यावरचा ठपका दूर होतो. आपण सहज म्हणतो, ‘तिच्या हाताला चव आहे.’ म्हणजे ज्याचा पदार्थ बिघडला, त्याच्या हातातच काही कमी आहे! विज्ञान सांगतं की, दोष हाताचा नसतो. तापमान, पाणी, आंबटपणा किंवा वेळ चुकलेली असते आणि ती दुरुस्त करता येते. दुसरं कारण, पुरावा समोर दिसतो. मांस आधी कडक आचेवर भाजलं की त्यातला रस आत ‘कोंडला’ जातो, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. ब्राउन यांनी तुकडे सरळ तराजूवर ठेवून पाहिले. भाजल्यामुळे पाणी काही वाचलेलं नव्हतं. त्यानं चव मात्र येते, ती वेगळ्या कारणानं.

ते कारण म्हणजे मायार क्रिया. वैद्यकाचं शिक्षण घेतलेले फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यांनी १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं. अमिनो आम्लं आणि साखर उष्णतेनं एकत्र आली की तांबूस रंग आणि शेकडो सुगंधी द्रव्यं तयार होतात. भाकरीवरचे डाग, भाजलेले शेंगदाणे, खरपूस सुकं खोबरं, ही सगळी तिचीच कामगिरी. ती जोमानं होण्यासाठी साधारण १४० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं आणि पाणी असेपर्यंत कढईतला पदार्थ शंभराच्या फारसा वर जात नाही. म्हणून कढईत कांदा गच्च भरून झाकण ठेवलं की तो शिजतो, पण तांबूस होत नाही. हे एकदा कळलं की कांद्यापासून सुक्या भाजीपर्यंत अनेक ठिकाणी उपयोगी पडतं. पाककृती एकच पदार्थ शिकवते. कारण अनेक पदार्थ शिकवतं.

आपल्या घरातल्या जुन्या नियमांनाही अशी कारणं आहेत. ‘डाळ शिजल्याशिवाय आमसूल घालू नको,’ असं आजी सांगायची. डाळीच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन आंबट पाण्यात लवकर सुटत नाही, त्यामुळे डाळ कडकडीत राहते. आजीचं निरीक्षण अचूक होतं. रसायनशास्त्रानं त्याला कारण जोडलं.

डॉक्टर म्हणून मला या कार्यक्रमांचं महत्त्व वाटतं ते मात्र चवीपलीकडचं आहे. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एकेका रुग्णाला मिळणारी मिनिटं थोडी असतात. मग ‘हे खा, हे खाऊ नका’ अशी यादी हातात पडते. कारणाशिवाय दिलेला नियम हा हुकूम असतो आणि अडचणीच्या दिवशी पहिल्यांदा तोच मोडला जातो.

शिळ्या भाताचं उदाहरण घ्या. ‘गरम केलं की जंतू मरतात’ या भरवशावर रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला सकाळी फोडणी दिली जाते. पण बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू भात शिजतानाही टिकून राहू शकतात. भात कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या करवणारं हे विष पुन्हा तापवूनही नष्ट होत नाही. फोडणीनं जिवाणू मरतील, त्यांनी केलेलं विष राहील. हे समजलेल्या माणसाला फोडणीचा भात सोडावा लागत नाही. उरलेला भात पसरट भांड्यात लवकर निववायचा आणि दोन तासांच्या आत, कडक उन्हाळ्यात तर तासाभरातच, फ्रिजमध्ये ठेवायचा. फ्रिज नसेल तर बेतानंच शिजवायचा.

मधुमेहाच्या तपासणीतही हेच. ‘कालपासून गोडाला हात लावला नाही, तरी रिपोर्ट जास्त कसा?’ हा नेहमीचा प्रश्न. एचबीए१सी तपासणीत जे मोजतात, ते मायार क्रियेच्या पहिल्या पायऱ्यांसारखंच असतं. रक्तातली साखर हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटते. तव्यावर जे मिनिटांत घडतं, ते ३७ अंशांवर आठवडे घेतं. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून अहवाल कालचा नव्हे, मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगतो. भाकरीचं उदाहरण दिलं की हे लगेच पटतं.

अर्थात, या कार्यक्रमांच्या मर्यादाही ओळखायला हव्यात. त्यांचं विज्ञान प्रामुख्यानं चवीच्या सेवेत असतं. लोणी चव कशी वाढवतं हे ते सांगतील. आठवड्यातून किती वेळा खावं, हा प्रश्न तिथे मागे पडतो. स्वतः ब्राउन यांनाही सुमारे २२ किलो वजन कमी करावं लागलं आणि त्यांनी ते कार्यक्रमातूनच सांगितलं. दुसरा धोका विज्ञानाच्या सोंगाचा. मोठमोठे शब्द वापरून ‘शरीरातली विषारी द्रव्यं बाहेर काढणारा’ काढा सांगणाऱ्यांची कमी नाही. त्यांना ओळखण्याची साधी खूण आहे: दोन भांडी शेजारी ठेवून फरक दाखवला आहे, की फक्त ठासून सांगितलं आहे?

पुढच्या वेळी डॉक्टरांनी पथ्य सांगितलं की ‘का?’ असं जरूर विचारा. रांग मोठी असली तरी विचारा. कारण माहीत असलेलं पथ्य लग्नाच्या पंगतीत, प्रवासात आणि सणावारालाही जमवून घेता येतं. नुसती यादी मात्र घरच्या ड्रॉवरमध्येच राहते.